पिंपांचा मेळ

ब्रसेल्सच्या लॅम्बिक बिअरविषयी जे लिहिले जाते त्यात हवेचे कौतुक फार असते. यीस्ट न घालता, रात्रीच्या हवेतून आलेल्या सूक्ष्मजीवांच्या भरवशावर आंबणारी बिअर ही कल्पनाच इतकी मोहक आहे की सांगणारा तिथेच रमतो आणि ऐकणाऱ्यालाही वाटते की सांगण्यासारखे ते एवढेच. अंडरलेख्त भागातल्या कांतियों या छोट्या ब्रुअरीत एकामागून एक पेले चाखल्यावर मात्र माझे मत असे झाले आहे की निसर्गावर सोडून देणे हा या बिअरचा सर्वांत सोपा भाग आहे. अवघड काम त्यानंतर सुरू होते, ते तीन-तीन वर्षे चालते आणि त्याचा निवाडा शेवटी एका माणसाच्या जिभेवर होतो.

आपोआप आंबण्यात तसे अपूर्व काही नाही. गोव्यात काजूच्या बोंडांचा रस काढून ठेवला की त्यात कोणी यीस्ट घालत नाही. तो आपसूक फसफसतो आणि मग भट्टीवर चढून त्याची उर्राक आणि फेणी होते. कोकणातली माडी तर झाडावरच्या मडक्यातच आंबू लागते आणि सकाळची माडी संध्याकाळी वेगळीच लागते. पण फेणीसाठी आंबवलेला रस काही दिवसांतच ऊर्ध्वपातनाला जातो आणि माडी बहुधा त्याच दिवशी पिऊन संपते. सूक्ष्मजीवांच्या पहिल्या धुमाळीनंतर त्या द्रवात पुढे काय घडते हे पाहायला आपण थांबतच नाही, आणि उष्ण हवेत थांबून फारसे काही हाती लागणारही नाही. लॅम्बिक करणारे थांबतात. ब्रसेल्स आणि त्याच्या नैऋत्येला पसरलेला पायोटनलँड हा झेन नदीच्या खोऱ्यातला शेतीचा प्रदेश, एवढ्याच टापूत हे थांबणे पिढ्यान्‌पिढ्या जोपासले गेले, आणि माझ्या दृष्टीने या बिअरचे खरे वैशिष्ट्य तेच आहे.

कांतियों ही ब्रुअरी ब्रसेल्सच्या मिदी रेल्वेस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. वस्ती कामकऱ्यांची आणि स्थलांतरितांची; वाटेत खाटकांची दुकाने, चहाची दुकाने, मोटारींचे सुटे भाग विकणारे. बाहेरून ही इमारत एखाद्या जुन्या गोदामासारखी दिसते आणि आत शिरल्यावरही तो समज लगेच बदलत नाही. १९०० साली पॉल कांतियों आणि त्यांची पत्नी मारी त्रोख यांनी हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा ते स्वतः बिअर बनवत नव्हते. इतर ब्रुअरींकडून कोवळे लॅम्बिक विकत घ्यायचे, आपल्या पिंपांत मुरवायचे आणि वेगवेगळ्या पिंपांचा मेळ घालून ‘ग्यूझ’ नावाची बाटलीबंद बिअर तयार करायची, हा त्यांचा धंदा होता. स्वतःची भट्टी त्यांच्याकडे आली ती १९३०च्या दशकाच्या अखेरीस. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. आज जगभरातले लोक जिची हवा पाहायला येतात त्या ब्रुअरीचा पाया मिश्रण करणाऱ्यांनी घातला, हवेच्या भरवशावर बिअर आंबवणाऱ्यांनी नव्हे.

दुसऱ्या महायुद्धानंतर गोड पेयांची आणि स्वच्छ, पिवळ्याधमक, थंडगार बिअरची सवय बेल्जियमभर पसरली, आणि आंबट ग्यूझला गिऱ्हाईक उरेना. शहरातल्या आणि आसपासच्या जुन्या लॅम्बिक ब्रुअरी एकामागून एक बंद पडल्या. कांतियों घराण्याचे जावई जाँ-पिएर व्हान रॉय यांनी १९७८ मध्ये चालू ब्रुअरीलाच संग्रहालयाचे रूप दिले, म्हणजे पाहायला येणारा माणूस तिकीट काढतो, यंत्रांमधून आणि पिंपांमधून हिंडतो आणि शेवटी पेला हातात घेतो. आता त्यांचे चिरंजीव जाँ व्हान रॉय बिअर बनवतात. शहराच्या हद्दीत जुन्या काळापासून अखंड चालत आलेली लॅम्बिक ब्रुअरी आज एवढीच आहे.

बनवण्याची रीत आरंभापासूनच सबुरीची आहे. दोन हिश्शांच्या आसपास मोड आणून वाळवलेली बार्ली आणि एक हिस्सा कच्चा, मोड न आणलेला गहू, असे धान्य दळून कोमट पाण्यात भिजवतात आणि टप्प्याटप्प्याने गरम पाणी घालत तापमान वाढवत नेतात. मध्येच त्यातला गढूळ, पिठाळ द्रव काढून वेगळा तापवतात, म्हणजे धान्यातली विकरे निकामी होतात आणि सगळ्या स्टार्चची सोपी साखर होत नाही. नेहमीच्या बिअरमध्ये हा दोष ठरेल. इथे मात्र तो हेतू आहे, कारण साधे यीस्ट जे पचवू शकत नाही ते अवघड अन्न पुढच्या दोन वर्षांत सावकाश खाणाऱ्यांसाठी राखून ठेवायचे असते. मग तो काढा कित्येक तास उकळतात आणि त्यात भरपूर हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी एका वेलीची फुले, घालतात, पण ताजे नव्हे. ते हॉप्स तीन वर्षे ठेवून जुने केलेले असतात, त्यांचा कडवटपणा आणि सुगंध बहुतांशी गेलेला असतो, आणि नको त्या जिवाणूंना आवर घालण्याचा त्यांचा गुण तेवढा उरलेला असतो. पहिल्या दिवशीच्या त्या पातेल्यात तिसऱ्या वर्षाचा विचार आधीच झालेला असतो.

यानंतर येते ती प्रसिद्ध परात. इमारतीच्या वरच्या मजल्यावर, छपराखाली, तांब्याचे एक विशाल आणि उथळ पात्र आहे. सुमारे साडेसात हजार लिटर काढा त्यात मावतो. संध्याकाळी उकळता काढा त्यात ओततात, भिंतींमधल्या झडपांतून बाहेरची थंड हवा येऊ देतात आणि सकाळपर्यंत तो वीसएक अंशांवर येतो. मी गेलो तेव्हा परात रिकामी होती. काठाशी वाकून पाहिले तर तांब्याचा रंग सगळीकडे सारखा नव्हता: तळाशी तपकिरी, कडेला जिथे काढ्याची पातळी पोहोचत असावी तिथे काळपट पट्टा आणि त्याच्यावर स्वच्छ लालसर धातू. वर तुळयांवर कोळिष्टके होती आणि ती कोणी झाडत नाही, कारण फळे आणि आंबलेला गोड वास यांच्यामागे येणाऱ्या माश्यांचा बंदोबस्त कोळीच करतात आणि रसायने फवारली तर ज्यांच्यावर सगळी भिस्त आहे ते सूक्ष्मजीवही मरतील.

सकाळी हा काढा लाकडी पिंपांत जातो. काही दिवसांतच तो जोरात फसफसतो, तोंडाशी फेस येऊन बाहेर सांडतो, म्हणून पिंपाचे बूच सुरुवातीला घट्ट बसवत नाहीत. ब्रसेल्स आणि गेंटच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या पिंपांमधला क्रम नीट मांडला आहे. पहिल्या महिन्यात आतड्यांत सापडणाऱ्या जिवाणूंच्या कुळातले जीव वाढतात. मग मद्य तयार करणारे नेहमीचे यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल बनवणारे पेडिओकोकस जिवाणू येतात. आणि सहाएक महिन्यांनी ब्रेटानोमायसिस हे सावकाश काम करणारे यीस्ट जागा घेते. हे यीस्ट राखून ठेवलेले अवघड अन्न खाते आणि लॅम्बिकला तो ओळखीचा वास देते, ज्यात वाळलेले गवत, चामडे, जुने तळघर आणि कुठेतरी पिकलेले अननससुद्धा असते. मधल्या काळात पेडिओकोकसमुळे बिअर कधीकधी तेलासारखी चिकट होते. तेव्हा ती ‘आजारी’ पडली असे म्हणतात, आणि तिला बरे करण्याचे कामही ब्रेटानोमायसिसच करते. माणसाने करायचे ते एवढेच की हात लावायचा नाही. आणखी एक गोष्ट हवेच्या कथेत सहसा गाळली जाते: यातले कितीतरी जीव पिंपांच्या लाकडात आणि इमारतीतही वस्तीला असतात. परातीवरची एक रात्र महत्त्वाची खरी, पण वर्षानुवर्षे वापरलेले, दर वेळी वाफेने आणि पाण्याने धुतलेले पिंप हेही या बिअरचे घरच आहे.

चाखायला आधी मिळाले ते साधे लॅम्बिक, एका पिंपातले, वर्षाच्या आसपासचे, सुरईतून ओतलेले. त्यात बुडबुडा नव्हता आणि फेसाचा मागमूसही नव्हता. रंग फिकट सोनेरी, किंचित गढूळ. वास आधी हिरव्या सफरचंदाचा आला, त्याच्या मागून ओलसर लाकडाचा, आणि पेला हातात थोडा ऊबदार झाल्यावर धान्याचा, भिजवलेल्या गव्हाचा. घोट घेतल्यावर आंबटपणा जिभेच्या दोन्ही कडांना लागला आणि तिथेच थांबला. मध्ये पोकळी राहिली. ती बिअर वाईट नव्हती, पण तिला एकच गोष्ट सांगायची होती आणि ती तिने लगेच सांगून टाकली.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला आंबट या चवीचे प्रकार समजावून सांगावे लागत नाहीत. आमटीत चिंच घालायची की कोकम, हा प्रश्न आपल्याकडे चवीचा आहे, आंबटपणाच्या प्रमाणाचा नाही. चिंच गुळाला धरून राहते, कोकम जिभेवर हलके उतरून तुरट होते, कैरी दातांना लागते आणि ताकाचा आंबटपणा पोटापर्यंत मऊ जातो. लॅम्बिक चाखताना ही सवय फार उपयोगी पडली. या बिअरमध्ये दोन आंबटपणे असतात. लॅक्टिक आम्लाचा आंबटपणा गोलसर आणि ताकाच्या जातीचा असतो, तर ॲसेटिक आम्लाचा म्हणजे व्हिनेगरचा आंबटपणा नाकात चढतो आणि घशाला ओरखडा काढतो. पहिला मुबलक हवा, दुसरा नखभर. पिंपाची देखभाल चुकली, हवा जास्त शिरली की दुसरा वाढतो आणि ते पिंप मिश्रणाला निरुपयोगी होते. लॅम्बिक म्हणजे नुसते खूप आंबट, असे ज्यांना वाटते त्यांनी बहुधा हा फरक करून पाहिलेला नसतो.

ग्यूझ करताना एक वर्षाचे, दोन वर्षांचे आणि तीन वर्षांचे लॅम्बिक एकत्र करतात. कोवळ्यात अजून आंबायची साखर शिल्लक असते, म्हणून बाटलीत बूच लावल्यावर पुन्हा किण्वन होऊन बुडबुडे येतात. जुन्यात साखर जवळजवळ नसते, पण खोली असते, वास असतो, कडक कोरडेपणा असतो. हिशेब कागदावर सोपा दिसतो. प्रत्यक्षात एकाच दिवशी, एकाच परातीतून भरलेली तीन पिंपे शेजारी ठेवली तरी ती सारखी होत नाहीत. एकाचे लाकूड जुने, दुसरे भिंतीच्या थंड बाजूला, तिसऱ्यात कोणत्या जिवाचा आधी जम बसला कोण जाणे. कांतियोंमध्ये एका मिश्रणासाठी दहाएक पिंपे चाखून त्यातली पाचसहा निवडतात. हा निर्णय घेणारा माणूस आज चाखतो ती चव वर्षभराने बाटलीतून निघणार नसते. त्याला जे आहे त्यावरून जे होणार ते ओळखायचे असते, तेही अशा द्रवात जो पूर्वी कधी नेमका असा नव्हता. हवेने काय दिले हे हवेला माहीत नसते. ते ओळखणारा माणूस नसेल तर पिंपांची ती रांग म्हणजे वेगवेगळ्या तऱ्हांनी आंबलेला काढाच राहील. फ्लेमिश मुलखात नुसते हे मिश्रणाचे काम करणाऱ्यांचा स्वतंत्र व्यवसाय आहे, त्यांच्याकडे भट्टी नसते आणि त्यांना कोणी कमी लेखत नाही. ड्वॉर्पचे हान्सेन्स कुटुंब हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहे.

तोच कोवळ्या लॅम्बिकचा वास मग ग्यूझच्या पेल्यात पुन्हा भेटला, पण आता त्याला सोबत होती. बाटली वेताच्या टोपलीत आडवी ठेवून आणतात आणि आडवी असतानाच, तळाचा साका हलू न देता, हलक्या हाताने ओततात. फेस दाट आला आणि लवकर बसला. वासात लिंबाची साल, गवताची गंजी, ओले दगड. पहिल्या घोटात आंबटपणा आला तो थेट समोरून, पण लगेच बारीक बुडबुड्यांनी तो उचलून सगळ्या जिभेवर पसरवला, आणि जिथे साध्या लॅम्बिकमध्ये पोकळी होती तिथे या वेळी काहीतरी भरीव होते, धान्याचे आणि लाकडाचे, थोडेसे कडसर. गिळल्यावर तोंड कोरडे पडले, पुढचा घोट हवासा वाटला, आणि मग द्राक्षाच्या सालीसारखा एक तुरटपणा बराच वेळ मागे रेंगाळला. मद्यांश पाच टक्क्यांच्या आसपास, पण गटागटा पिण्याची ही वस्तू नाही. मी जेवढा वेळ घेतला तेवढ्यात पेला थोडा कोमट झाला आणि चामड्याचा वास पुढे आला, लिंबू मागे सरले.

फळांच्या लॅम्बिकवर मी थोडक्यात लिहितो, कारण ती आवडायला कोणाची शिफारस लागत नाही. आंबट चेरी घातलेली क्रीक सर्वांत जुनी आणि लोकप्रिय. पूर्वी ब्रसेल्सलगतच्या स्खारबेकमधल्या बारक्या आंबट चेरी वापरत, आता त्या जातीची झाडे थोडीच उरली आहेत. कांतियोंच्या क्रीकमध्ये लिटरमागे सुमारे दोनशे ग्रॅम फळ असते आणि साखर नसते. रंग गडद लाल, चव बिनगोड, आणि बियांमुळे येणारा बदामाचा हलका वास शेवटी लागतो. रासबेरीची ‘रोझे द गाम्ब्रिनुस’ मला क्रीकपेक्षा जास्त आवडली; तिचा वास पेला नाकाजवळ यायच्या आधीच येतो आणि चवीत मात्र फळ फारसे उरलेले नसते, जणू त्यातली सगळी गोडी सूक्ष्मजीवांनी खाऊन नुसता सुगंध आपल्यासाठी ठेवला आहे.

साखर घालून गोड केलेल्या आणि गाळून स्वच्छ केलेल्या फळांच्या लॅम्बिक दुकानांत सगळीकडे मिळतात. मी त्यांना नावे ठेवणार नाही. गोड केलेल्या लॅम्बिकची, म्हणजे फारोची परंपराही जुनीच आहे. परंतु साखरेखाली चांगले पिंप आणि सामान्य पिंप सारखेच लागतात, आणि मग मुरवायला तीन वर्षे कोण खर्च करील, हा प्रश्न उरतो. म्हणून १९९७ साली युरोपीय संघाने ‘औदे ग्यूझ’ आणि ‘औदे क्रीक’ या नावांना संरक्षण दिले ते मोलाचे आहे. लेबलवर ‘औदे’ म्हणजे जुनी असे लिहायचे तर मिश्रणातले सर्वांत जुने लॅम्बिक किमान तीन वर्षांचे असावे लागते. त्याच वर्षी लॅम्बिक करणाऱ्यांनी एकत्र येऊन आपली संघटनाही उभारली. लेम्बेकचे फ्रांक बून यांनी १९७०च्या दशकात, सगळे जण बाहेर पडत असताना, हा धंदा हाती घेतला. बेर्सेलचे आर्मांद डेबेल्डर यांनी आपल्या ‘ड्री फोंतेइनेन’ या ब्रुअरीत तो टिकवला. २००९ मध्ये गोदामातल्या तापमाननियंत्रकात बिघाड होऊन त्यांच्या हजारो बाटल्या तापल्या आणि फुटल्या, आणि जे वाचले पण बिअर म्हणून विकण्यासारखे राहिले नाही त्याचे त्यांनी ऊर्ध्वपातन करून मद्य काढले. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. ही माणसे नसती तर पायोटनलँडची हवा तशीच वाहत राहिली असती आणि ग्यूझ मात्र राहिली नसती.

आता हवेचीही खात्री उरलेली नाही. उकळता काढा एका रात्रीत आपोआप निवावा इतकी थंडी लागते, म्हणून हे काम साधारण ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच चालते. रात्र उबदार असली तर काढा फार सावकाश निवतो आणि नको ते जिवाणू माजतात. २०१५ च्या शरद ऋतूत थंडी लांबली तेव्हा कांतियोंला काम थांबवावे लागले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रसेल्समध्ये या कामाजोगे वर्षाकाठी सुमारे एकशे पासष्ट दिवस मिळत, ते आता एकशे चाळीसच्या आसपास आले आहेत, असे सांगितले जाते. यंत्राने थंड करणे अवघड नाही, पण मग त्याला लॅम्बिक म्हणता येईल का, यावर जाँ व्हान रॉय यांचे उत्तर ठाम नकाराचे असेल असे मला वाटते, आणि मी त्यांच्याशी सहमत आहे.

जाण्यापूर्वी मी काही वर्षे बाटलीत मुरलेली ग्यूझ मागवली. कांतियोंची ग्यूझ थंड तळघरात वीस वर्षेही राहू शकते असे ते सांगतात. बुडबुडे कमी झाले होते, सोनेरी रंग तांबूस झाला होता, आंबटपणा तितकाच असूनही ठिकाण बदलून जिभेच्या मागच्या बाजूला सरकला होता. मात्र नव्या ग्यूझमधले लिंबू त्यात नव्हते आणि मला त्याची उणीव भासली. शेजारच्या बाकावर बसलेल्या ब्रसेल्सच्या एका वृद्ध गृहस्थांनी माझा पेला पाहून विचारले की कोणती बरी वाटली. नवी, असे मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि स्वतःचे मत सांगितले: बाटलीत घालून दीड-दोन वर्षे झालेली सर्वांत चांगली, त्याआधी ती बडबडते आणि त्यानंतर कमी बोलते. मी येताना दोन बाटल्या विकत घेतल्या आहेत आणि त्यांच्यावर बाटलीत भरल्याची तारीख पाहून दीड वर्षाचा हिशेब लिहून ठेवला आहे.